हार्ड डिस्कमधले बावीस नारळ

लॅपटॉपमधून पहिल्यांदा आवाज आला तेव्हा मला वाटलं, पाल चुकचुकली. मी सवयीने टेबलावर बोटाने टकटक केलं आणि पुढे टाइप करायला लागलो. पाल पुन्हा चुकचुकली. मी पुन्हा टकटक केलं. असे आम्ही दोघं बराच वेळ एकमेकांना उत्तरं देत होतो. शेवटी सोनाली, म्हणजे आमचं कुटुंब, स्वयंपाकघरातून बाहेर आली, लॅपटॉपला कान लावून उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, पाल नाही ही. तुमच्या यंत्राच्या पोटात काहीतरी घासतंय." तेवढ्यात पडदा निळा झाला, त्यावर एक रडकं तोंड आलं आणि मग सगळा काळोख.

दुसऱ्या कुणाचा लॅपटॉप असता तर त्याने दोन शिव्या घातल्या असत्या आणि चहा मागितला असता. मला घाम फुटला. कारण माझ्या लॅपटॉपमध्ये गावाची शांतता होती. हे मी अलंकारिक बोलत नाही. ती एका फाइलमध्ये होती आणि त्या फाइलचं नाव 'यादी पक्की शेवटची' असं होतं.

आमचं धामणपाडा गाव कडावच्या थोडं पुढे. चैत्र पौर्णिमेला गावदेवीची पालखी निघते आणि गावातल्या बावीस मानाच्या घरांचे बावीस नारळ देवळासमोर एकामागून एक फुटतात. एकामागून एक, इथेच सगळी मेख आहे. आधी कोण, मागून कोण? गावात या क्रमाच्या तीन वह्या होत्या आणि तिन्हीत तीन क्रम होते. दर पालखीला वह्या बाहेर यायच्या, मग बाह्या वर व्हायच्या. गेल्या वर्षी दोन नारळ एकदमच फुटले आणि एक करवंटी बंदोबस्ताच्या हवालदाराच्या कपाळाला लागली. तेव्हापासून पोलिसांनी सांगून ठेवलं होतं, आधी क्रमाची यादी आणा, मग परवानगी न्या.

म्हणून यंदा कमिटी बसली. अध्यक्ष बुधाजीकाका, आमचे शेजारी. सेक्रेटरी मी. मी कर्जतच्या एका शाळेत लेखनिक आहे, त्यामुळे गावाच्या मते मला लिहिता येतं. शिवाय आमचं घर बाराव्या नंबरचं, म्हणजे कुणाच्या डोळ्यात सलावं इतकं वर नाही आणि कुणी विचारू नये इतकं खालीही नाही. अकरा बैठका झाल्या. अकरा वेळा यादी बदलली. अकराव्या बैठकीत बावीसच्या बावीस माणसं एका क्रमाला हो म्हणाली. हे असं पुन्हा होणार नाही हे सगळ्यांनाच कळत होतं.

आता सह्या घ्याव्यात, असं मी म्हणालो. तर पहिली सही कुणाची यावरून पुन्हा बाह्या वर जायला लागल्या. सह्या रद्द. प्रिंट काढू म्हटलं, तर कागद हेच भांडणाचं मूळ असं ठरलं. मोबाइलवर फोटो नको, कारण फोटो ग्रुपवर जाणार आणि ग्रुपवर काय होतं हे मी सांगायला नको. तेव्हा यादी एकाच जागी राहील, सेक्रेटरीच्या लॅपटॉपमध्ये. आणि जुन्या तीन वह्या? त्या बुधाजीकाकांनी होळीत टाकल्या. सगळ्या गावासमोर. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी सर्वांत पुढे होतो.

त्या होळीला अठरा दिवस झाले होते आणि पालखी बारा दिवसांवर आली होती.

तुम्ही म्हणाल, अहो, टाइप तुम्हीच केली होती ना, मग आठवून लिहा. टाइप करणाऱ्याला मजकूर कधी आठवतो का? मी बावीस वर्षं शाळेत दाखले टाइप करतोय, मला एकाही मुलाची जन्मतारीख सांगता येणार नाही. त्यातून डोक्यात एक यादी असती तर प्रश्न नव्हता. डोक्यात अकरा होत्या.

बातमी बाहेर फुटता कामा नये, एवढं मी सोनालीला बजावलं. "मी कशाला सांगू?" ती म्हणाली. "तुमच्या तोंडावर लिहिलंय." ही बाई मला धीर देते आहे की घाबरवते आहे हे मला लग्नापासून कळलेलं नाही. पण सल्ला तर कुणाचा तरी घ्यायला हवा. मी एक मित्र तयार केला आणि लॅपटॉप त्याच्या नावावर केला.

"काका," मी कुंपणावरून बुधाजीकाकांना म्हणालो, "माझ्या एका मित्राचा लॅपटॉप बंद पडलाय."

"कनचा मित्र?"

"शाळेतला."

"मंग तांदळात ठेव म्हनावं. माजा मोबाईल वड्यात पडला व्हता. दोन दिस तांदळात ठेवला. आजून वाजतंय."

लॅपटॉप पाण्यात पडलेला नाही, हे मी सांगू शकलो असतो. पण मग काय झालं, कसं झालं, कधी झालं, आणि खरंच मित्राचा आहे का, अशी सरबत्ती सुरू झाली असती. मी मान डोलावली. आणि आता मान डोलावलीच आहे तर करून बघायला काय हरकत आहे, असं माझ्या घाबरलेल्या डोक्याला वाटलं. दोन दिवस लॅपटॉप तांदळाच्या पिंपात राहिला. बाहेर आला तेव्हा तो होता तसाच मेलेला होता, फक्त त्याच्या प्रत्येक फटीत कोलम होता. सोनाली म्हणाली, "कुकरला लावू का?"

तिसऱ्या दिवशी मी शाळेतून अर्धी रजा काढून कर्जतच्या बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने लॅपटॉप उघडला, पाच-सहा दाणे झटकले, कान लावला आणि डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावतात त्या आवाजात म्हणाला, "डिस्क गेली. नवी टाकतो. एकदम पळेल."

"आणि आतलं?"

"आतलं काय होतं?"

"एक यादी."

"कसली?"

"घरगुती," मी म्हणालो.

त्याने तासाभरात लॅपटॉप दुरुस्त केला, यात त्याला नावं ठेवायला जागा नाही. दहा सेकंदांत सुरू होत होता. पंख्याचा आवाज नाही, पाल नाही. इतका चांगला तो नवा होता तेव्हाही चालला नव्हता. फक्त आत काहीच नव्हतं. माझे दाखले नाहीत, सोनालीच्या भावाच्या लग्नाचे फोटो नाहीत, यादी नाही. जुनी डिस्क त्याने खाकी पाकिटात घालून माझ्या हातात दिली. "बॅकअप असेलच ना, साहेब?"

"होता," मी म्हणालो. "होळीत जाळला."

त्याने खुर्ची जरा मागे घेतली.

शाळेत मित्राची कहाणी पुढे सरकवली. विज्ञानाचे सर म्हणाले, अशी डिस्क रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवतात, थंडीने आतले भाग आकसतात आणि एकदाच, पंधरा-वीस मिनिटं, ती चालते. विज्ञानाच्या माणसाने सांगितल्यावर माझ्यासारख्या लेखनिकाने शंका कशी काढायची? मी डिस्क दोन पिशव्यांत बांधून फ्रीझरमध्ये कोळंबीखाली ठेवली. सकाळी काढली, तर ती गार झाली होती. याखेरीज तिच्यात काही फरक पडला नव्हता.

मग त्याच दुकानदाराने, बहुधा दया येऊन, फोनवर खोपोलीतल्या एका बाईंचं नाव सांगितलं. समीक्षा मॅडम. बंद पडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देतात, घरातूनच काम करतात. "पण साहेब, गाडीवर नेताना हिसका बसू देऊ नका," तो म्हणाला. आमच्याकडच्या रस्त्यांवर हे सांगणं म्हणजे नदीतून जाताना पाय ओले करू नका म्हणण्यासारखं आहे. शेवटी असं ठरलं की स्कूटर सोनाली चालवेल, कारण तिचा हात हलका आहे, आणि मी मागे बसेन. मांडीवर उशी, उशीवर दुपटं आणि दुपट्यात डिस्क. प्रत्येक खड्ड्याला मी उशी दोन्ही हातांनी उचलत होतो. सोनाली आरशात बघून विचारत होती, "झोपलंय ना?"

चौकात आमच्या गावची मोतीबाई भाजी घेत उभी होती. ऐंशीच्या घरातली म्हातारी, पण नजर घारीची. तिने आम्हाला पाहिलं. मी दुपटं जरा जास्तच जवळ ओढलं. संध्याकाळी घरी आलो तर ओटीवर पाच बायका बसलेल्या आणि मोतीबाई मध्यभागी. "कुनाचं प्वार आनलंस रं, मालू?" तिने विचारलं. सत्तेचाळीसाव्या वर्षी मला माझ्या अब्रूचा खुलासा पाच बायकांसमोर करावा लागला, आणि खरं कारण सांगता येत नसल्यामुळे तो खुलासा कुणालाच पटला नाही.

पण ते नंतर. आधी खोपोली. समीक्षा मॅडमनी पाकीट उघडलं, डिस्क हातात घेतली आणि थांबल्या.

"हिला कोळंबीचा वास येतोय."

मी दुपट्याची घडी घालायला लागलो.

"फ्रीझरमध्ये ठेवली होती का?"

"मित्राने," मी म्हणालो.

"आणि इथे तांदळाचा कण आहे."

"तोही मित्रच."

"त्या मित्राला आता हिच्या जवळ येऊ देऊ नका," त्या म्हणाल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. डिस्कच्या आत वाचणारं एक डोकं असतं, ते गेलं होतं. त्याच जातीची दुसरी जुनी डिस्क शोधायची, तिचं डोकं काढून हिला बसवायचं आणि वाचता येईल तेवढं वाचून घ्यायचं. एकदाच. त्यानंतर ही डिस्क कायमची संपेल. दुसरी डिस्क यायला आठ-दहा दिवस लागतील, आणि यश येईलच असं नाही.

पालखी नऊ दिवसांवर होती. आणि पोलीस ठाण्यात यादी द्यायची होती शुक्रवारी, म्हणजे चार दिवसांनी.

त्या चार दिवसांत मी नीट जेवलो नाही हे सोनालीही कबूल करेल. डोळ्यांसमोर एकच चित्र यायचं. बावीस माणसं हातात नारळ घेऊन देवळासमोर उभी आहेत आणि सगळी माझ्याकडे बघताहेत. बुधाजीकाकांना सगळं सांगून टाकावं, असं मी तीनदा ठरवलं आणि तीनदा कुंपणापर्यंत जाऊन परत आलो. खरं सांगायचं तर मला भांडणाची भीती होतीच, पण त्याहून जास्त भीती त्यानंतरच्या वाक्याची होती. 'शिकलेला म्हनून याला दिली, आन्‌ यानं घालवली.' ते वाक्य माझ्या नातवंडांपर्यंत पुरलं असतं.

वाट सापडली ती अगदी अचानक. दूध घालायला निघालेला हिरू वाटेत भेटला. हिरू माझ्याच वर्गातला, म्हशी पाळतो, फार बोलत नाही. मी उगाच हसत, सहज आठवल्यासारखं विचारलं, "काय रे हिरू, यादीत तुझा नंबर कितवा आला शेवटी?"

हिरूने माझ्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "नंबर कशाला इचारतंस? नवशाच्या मागं टाकलाव ना मला."

आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. माणूस स्वतःचा नंबर विसरेल, पण आपल्या पुढे कुणाला उभं केलं ते मरेपर्यंत विसरणार नाही! मला तरी माझा बारावा नंबर कशामुळे आठवत होता? पुढे बुधाजीकाका होते म्हणून. प्रत्येकाने फक्त आपल्या पुढचा सांगितला की साखळी आपोआप जुळणार होती.

मी गावभर फिरलो. पोलिसांसाठी पडताळणी चालू आहे, असं सांगितलं. कुणीही नंबर सांगितला नाही, पण पुढच्याचं नाव मात्र सगळ्यांनी सांगितलं, आणि त्याच्यासोबत त्याच्या तीन पिढ्यांचा इतिहासही. "त्याच्या आज्याला बाहेरून आनून वसवला आमी, आन्‌ तो माज्या म्होरं!" मी मान डोलवायचो आणि घरी येऊन लिहायचो. पहिलं घर मोतीबाईचं. तिला विचारलं, तर म्हणाली, "माज्या म्होरं कोन आसंल रं? देवी!" आणि लगेच, "प्वार कसा हाय?"

गुरुवारी दुपारपर्यंत वीस घरं जागेवर बसली. उरले दोघं, चौथ्या आणि पाचव्या जागेवरचे. सहाव्याला विचारलं होतं, तर तो "त्या दोगांच्या मागं टाकलाव मला" एवढंच बोलला होता. हिरू म्हणाला होता, नवशा माझ्या पुढे. आता नवशाला विचारलं. नवशाची वीटभट्टी आहे आणि आवाजही भट्टीवरचा आहे. तो ओरडला, "हिरूच्या मागं टाकलाव मला! बैठकीत बोललो नाय, पन इसरलो नाय!"

झालं. हा म्हणतो तो पुढे, तो म्हणतो हा पुढे. उभ्या गावात दोन माणसं अशी निघाली, ज्यांना दोघांनाही मागे राहायचं होतं, आणि तीही माझ्याच नशिबात. मी ओटीवर बसून विचार केला. समजा नवशाला पुढे घातलं. नवशाला वाटेल, लाभ झाला. हिरूला वाटेल, होतं तेच आहे. दोघंही गप्प. समजा हिरूला पुढे घातलं, तरी तसंच, उलटं. म्हणजे कसंही लिहिलं तरी चालणार होतं. मग मी नवशाला चौथा आणि हिरूला पाचवा लिहिलं. का? न्याय, परंपरा, इतिहास यातलं काही नाही. नवशाचा आवाज मोठा आहे म्हणून. हे मी पहिल्यांदाच कबूल करतो आहे.

ठाण्यात नवीनच अडचण. यादी ठीक आहे म्हणाले, पण पालखी शांततेत पार पाडू असं बावीस जणांच्या सह्यांचं हमीपत्र जोडा. बावीस सह्या! पहिली कुणाची? मी परत गावात आलो, कोऱ्या कागदावर जेवणाचं ताट उपडं ठेवून गोल काढला आणि प्रत्येकाला सांगितलं, गोलावर हवी तिथे सही करा. गोलाला पहिला नसतो, शेवटचा नसतो. ही कल्पना माझी आणि तिचा मला अजूनही अभिमान आहे. ठाण्यातल्या साहेबांनी तो कागद उलटासुलटा फिरवला आणि विचारलं, "हे हमीपत्र आहे की रांगोळी?" पण शिक्का मारला. यादीवर अध्यक्ष म्हणून बुधाजीकाकांची सही लागली. काकांनी फक्त अकरावं नाव बघितलं, मग दहावं बघून नाक मुरडलं आणि सही केली. बाकी वाचलं नाही.

पालखीच्या दिवशी मी हातात ठाण्याच्या शिक्क्याचा कागद घेऊन देवळाच्या पायरीवर उभा होतो. हवालदार यंदा हेल्मेट घालून आले होते. "पहिला मान, मोतीबाई!" फुटला. दुसरा. तिसरा. "चौथा मान, नवशा!"

नवशाचं तोंड उघडंच राहिलं. त्याने एकदा माझ्याकडे, एकदा हिरूकडे पाहिलं. मग छाती काढून पुढे आला आणि नारळ असा आपटला की हवालदारांनी डोकं खाली घातलं. "पाचवा मान, हिरू!" हिरू आला, एका फटक्यात नारळ फोडला, हात जोडले आणि बाजूला झाला. पुढचे सतरा नारळ कसे फुटले ते मला आठवत नाही. बुधाजीकाकांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "सेक्रेटरी, गाव वाचवलास रं!" मला रडू येईल की काय असं वाटलं. मी देवळामागे गेलो आणि तिथेच फोन वाजला.

"अभिनंदन!" समीक्षा मॅडम म्हणाल्या. "फाइल मिळाली. 'यादी पक्की शेवटची.' बावीस नावं आहेत. जुनी डिस्क मात्र गेली हो, आता तिच्यातून पुन्हा काही निघणार नाही. पाठवू का?"

"पाठवू नका! चौथं नाव काय आहे ते वाचा."

"चौथं... हिरू. पाचवं नवशा."

म्हणजे मी हिरूचा मान काढून नवशाला दिला होता, आणि त्यावर ठाण्याचा शिक्का होता. ही फाइल कुणाच्या हाती लागली तर हेल्मेटही पुरणार नव्हतं. "मॅडम," मी म्हणालो, "ती फाइल डिलीट करा. आत्ताच्या आत्ता."

"अहो, एवढी खटपट करून..."

"हात जोडतो. लगेच!" मी फोन ठेवला आणि वळलो.

मागे हिरू उभा होता. प्रसादाची वाटी हातात.

"चौथा माजा व्हता ना?" तो शांतपणे म्हणाला. "मला ठाव हाय."

"मग... मग त्या दिवशी नवशाच्या मागे का म्हणालास?"

"तुजा त्वांड बगून. यादी गेली ती तवाच कळली मला." त्याने वाटी माझ्या हातात दिली. "मी चौथा बोललो आसतो, आन्‌ नवशाबी चौथा बोलला आसता, त तू काय केला आसतंस? म्हनून मागं झालो. आता त्यो बी मागं होईल हे मला काय ठाव!"

मी हिरूचा हात धरला. बावीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी एवढं दिलेलं नाही. तसं मी त्याला म्हणालोसुद्धा.

"त्येचा काय येवडा," हिरू म्हणाला. "यंदापुरता उसना दिला. फुडल्या चैताला माजा चौथा मला परत पायजे. ठान्याच्या कागदावर त नवशा चढून बसलाय, त्यो आता आयकायचा नाय. पन खरी यादी गावली ना आता? ती दाखव त्याला. ती नीट ठेव."

मी प्रसादाची वाटी कट्ट्यावर ठेवली आणि फोन लावला. "मॅडम, थांबा! डिलीट करू नका!"

"केली की," समीक्षा मॅडम म्हणाल्या. "तुम्हीच म्हणालात ना, लगेच."

हिरू माझ्याकडे बघत होता.

"काय बोलते बाय?" त्याने विचारलं. "हाय ना नीट?"

"आहे," मी म्हणालो. "अगदी जपून ठेवलीय."